सव्वा मिनिटाचा ठोका

कुरुंदा,
रविवार, १० एप्रिल २००५

प्रिय राणी,

जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इथं सगळे ठणठणीत आहेत. बाबा बरे आहेत, म्हशीनं रेडी दिली आहे, कोणाचं लग्न ठरलेलं नाही आणि तुझं तर नाहीच नाही. मग फोन सोडून माय पत्र काहून लिहून राहिली, असं म्हणशील. ते सांगते, पण माझ्या मनानं सांगते, मध्ये घाई करू नकोस. हे पाकीट भीमसिंग ड्रायव्हर आणून देईल. तो हिंगोलीहून हळदीचा ट्रक भरून उद्या हैदराबादला निघणार आहे. वारंगा फाट्यावर तो जेवायला थांबतो, तिथं बाबा जाऊन त्याच्या हातात देतील. पोस्टाचा काय भरवसा, आणि हे अठरा तारखेच्या आत तुला मिळायलाच पाहिजे. पाकिटात चार पुरचुंड्या आहेत. पत्र वाचून संपल्याशिवाय एकही सोडायची नाही. लहानपणी दप्तर खाली ठेवायच्या आधी खाऊची पुडी फाडायचीस, ती खोड अजून असेल तर पुरचुंड्या आधी खोलीतल्या मैत्रिणीकडे ठेवायला दे.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, हे तुला खटकलं असेल. मंजुळाबाईच्या घरचा फोन म्हणजे कसा असतो ते तुला ठाऊकच आहे. तिचे मालक संतरामभाऊ बाजेवर, सून गहू निवडत, दारात शेजारच्या दोन बाया, आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. तू तिकडून सांगत होतीस की नव्या बियांच्या मुळांत ठोका मिळाला खरा, पण तुझे सर विचारून राहिले की जुन्या बियांत तो आठ महिने का मिळाला नाही. शेत तेच, वाण तेच, सुई धरणारा हातही तोच. ह्याचं उत्तर नसेल तर अठराला तुझं काम तपासणाऱ्या समितीचे लोक नव्या ठोक्यावरही विश्वास ठेवणार नाहीत, योगायोग म्हणतील. आणि मग तू आवाज खाली घेऊन म्हणालीस, "माय, माझ्या हातालाच गुण न्हाई. अठराला मीच सांगून टाकते की मी हे संशोधन सोडून चालले." मी त्यावर काय विचारलं? जेवलीस का, असं विचारलं. फोन ठेवला आणि माझाच मला इतका राग आला की घरी येऊन घासलेली भांडी परत घासली.

हाताला गुण नाही म्हणे. अगं, तू कोणाची लेक आहेस? ह्या वर्षीही हळद शिजवायला अर्ध्या कुरुंद्याचं बोलावणं तुझ्या बाबांनाच होतं. कढईभोवती बाकीचे लोक घड्याळ बघत बसतात, बाबा वाफेचा वास घेतात. वास बदलला की गोणपाट सारायचं, एक कांडी उचलायची आणि तिच्यात तुराटीची काडी टोचायची. काडी किती आत जाते त्यावरून सांगतात, अजून थोडा जाळ द्या, नाहीतर उतरा. वीस वर्षांत त्यांची एक कढई कच्ची निघाली नाही. तूही तेच करून राहिली की. त्यांची काडी, तुझी केसाहून बारीक काचेची सुई, एवढाच फरक. माझ्या मते तुझा हात त्यांच्याहून हलका आहे, पण हे त्यांना सांगू नकोस, दोन दिवस बोलणार नाहीत माझ्याशी.

ह्या वर्षी हळद जोरात आली. फेब्रुवारीपासून दोन महिने अंगणवाडी सुटली की मी संतरामभाऊंच्या वाळवणावर जात होते. तुला तो वास आठवत असेल. सगळं गाव पिवळं होतं, भाकरीवर पिवळी बोटं, पोरांच्या गालावर पिवळी बोटं. आमच्या सुपरवायझर बाई आल्या तेव्हा वजनाच्या तक्त्यावर माझा अंगठा उमटलेला बघून म्हणाल्या, पद्माबाई, ह्या लेकराचं वजन कमी आहे का ह्याला कावीळ झाली आहे? सगळ्या सेविका हसल्या. मी मात्र तक्ता पुन्हा नवा काढला. कागदावर माझा अंगठा मला चालत नाही. माझ्या मायनं आयुष्यभर अंगठा लावला, आणि ते बघूनच मी सातवीपर्यंत हट्टानं शिकले. तेव्हापासून मी सहीच करते, पूर्ण नावाची, चांगली वळणदार.

तू हट्टी झालीस ती कुठून, हे बाबा मला नेहमी विचारतात आणि वर आरसा दाखवतात. पण तुझा हट्ट कधी सुरू झाला ते मला बराबर आठवतं. तू दहा वर्षांची होतीस. मला अंगणवाडी मिळाली नव्हती, मी भाऊंच्या तुरीत निंदायला जात होते आणि सुट्टीत तूही मागं मागं येत होतीस. तू एक रोप उपटलंस तर मुळाला गाठीच गाठी. मी म्हटलं कीड लागली, फेक ते. तू फेकलं नाहीस. नखानं एक गाठ फोडलीस, आतून लालसर पाणी निघालं, आणि बांधावरून ओरडत आलीस, "माय, तुरीला रगत हाय!" बाया हसून हसून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी ते रोप घेऊन तू शाळेत गेलीस. गुरुजींनी सांगितलं की ही कीड नाही, ह्या गाठींत बारीक जिवाणू राहतात, ते हवेतलं खत झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. तू विचारलंस, पण दारात आलेला पाहुणा आहे की चोर, हे मुळाला कसं कळतं? गुरुजी म्हणाले, ते पुढच्या वर्गात आहे. पुढच्या वर्गात ते नव्हतं. बारावीत नव्हतं, परभणीला गेलीस तिथंही नव्हतं. मग तूच ते शोधायला हैदराबादला गेलीस, आणि मी गावभर सांगत सुटले की माझी लेक तुरीच्या मुळाला प्रश्न विचारायला गेली आहे.

मागच्या जूनमध्ये तुझा फोन आला. बाजारच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्यानं जिवाणू मरतात, म्हणून घरची गावरान तूर पाठव, असं म्हणालीस. कसलं औषध लावू नको, कसली पावडर लावू नको, राखसुद्धा नको. मी बरं म्हटलं. त्या साली मंजुळाबाईच्या तुरीला भुंगा लागून पीठ झालं होतं आणि त्याच शेतातून मजुरीत मिळालेल्या आपल्या मडक्यातल्या तुरीत एक भुंगा नव्हता, ह्याचा मला किती तोरा होता म्हणून सांगू. एक एक दाणा निवडला, फडक्यानं पुसला, लाल चकचकीत. बाबा म्हणाले, लेकीला बी पाठवून राहिली का दागिने?

आणि मग ते आठ महिने. फोनवर तुझं एकच, उजेड दिसतो माय, ठोका दिसत नाही. मला तेव्हा ह्यातलं काही कळत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आलीस तेव्हा तुझे गाल बसलेले. करंजी हातात धरून नुसती बघत बसायचीस. एक दिवस मी तुला अंगणवाडीत घेऊन गेले, तर लेकरांना गाणं शिकवायचं सोडून तू कोपऱ्यात बसून आपल्याच बोटांकडे बघत होतीस, थरथरतात का म्हणून. ते मी दारातून पाहिलं. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, राणी, की खिचडीत मीठ दोनदा पडलं आणि लेकरांनी तोंडं वाकडी करत खाल्ली.

म्हणूनच फेब्रुवारीच्या शेवटी मी बाबांना म्हटलं, चला, बघून तर येऊ त्या मुळाला एवढा कसला गर्व आहे. वसमतहून एसटीनं नांदेड, नांदेडहून रेल्वे. स्टेशनावर तू आलीस, आणि बाबांचं धोतर आणि माझं हळदीच्या डागांचं लुगडं बघून तुला जराही लाज वाटली नाही, उलट थेट तुझ्या सरांपुढं उभं केलंस. सर उठून उभे राहिले, बाबांना खुर्ची दिली. तू म्हणालीस, "सर, ही माझी माय. हिच्याच बियांवर माझं काम चालू हाय." मुद्दाम आपल्या बोलीत म्हणालीस. सरांना मराठी येतं हे मला तेव्हा कळलं. ते हसून म्हणाले, तुमची तूर फार सुंदर आहे, एकही दाणा किडका नव्हता. मी पदर सावरून बसले. त्या घटकेला माझ्याइतकी मोठी बाई अख्ख्या हैदराबादेत नव्हती.

दुपारी तू मला सगळं समजावून सांगितलंस, ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. मी विचारलं होतं, कॅल्शियम म्हणजे आमच्या नर्सबाई गरोदर बायांना गोळ्या देतात तेच का? तू म्हणालीस तेच, पण त्या गोळीतलं हाडाला लागतं आणि हे निरोप पोचवायला लागतं. प्रत्येक पेशीत म्हणे कॅल्शियमची एक कोठी असते. जिवाणू मुळाजवळ येऊन आपली ओळख सांगतो, की पेशीच्या आतल्या कोठीचं दार उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, आणि लगेच परत आत ओढलं जातं. पुन्हा उघडतं, पुन्हा ओढलं जातं. सव्वा मिनिटाला एकदा, दीड मिनिटाला एकदा, तासभर. तो ठोका पडत राहिला तरच मूळ समजतं की हा आपला पाहुणा आहे, आणि त्याच्यासाठी गाठ बांधायला घेतं. मी म्हटलं, ठोका कशाला, एकदाच भरपूर कॅल्शियम सोडलं तर? तू हसलीस आणि म्हणालीस की तसं झालं तर पेशीला काही कळत नाही, जास्त झालं तर ती मरते. मला ते लगेच पटलं. दाराची कडी नुसती धरून उभं राहिलं तर आतल्या माणसाला काय कळणार? वाजवावी लागते, आणि थांबून थांबून वाजवावी लागते. तू लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलंस.

मग तू ते दुसरं सांगितलंस. बाईच्या पोटात बीज फळतं, त्या क्षणी त्या एवढ्याशा थेंबातही कॅल्शियमचा हाच खेळ सुरू होतो. हृदय नसतं, हात पाय नसतात, बाईला अजून पत्ताही नसतो, तरी आत लाट येते आणि जाते, येते आणि जाते, कित्येक तास. त्याशिवाय जीव पुढं सरकतच नाही. मी पंधरा वर्षं गरोदर बायांची नोंद करून राहिले, नर्सबाईच्या नळीतून बाळाचे ठोके ऐकले, मला वाटत होतं तोच पहिला ठोका. तू सांगितल्यावर मी हिशोब करायला लागले की तू माझ्या पोटात आलीस त्या दिवशी मी काय करत होते. बहुतेक निंदतच असेन. माझ्या आत तुझी पहिली लाट चालू, आणि मी मुकादमाशी भांडत असेन. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून मी तुला म्हटलं की तुमच्या एसीची हवा डोळ्यांना लागते.

आता जे सांगते ते आजवर फक्त बाबांना माहीत आहे. त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत तू मला दुर्बिणीखाली मूळ दाखवलंस. कॅल्शियम वाढलं की जास्त चमकणारा रंग तू सुईनं त्याच्या पेशींत सोडला होतास. निळा उजेड सोडलास आणि पडद्यावर ते सगळंच्या सगळं हिरवट पिवळं पेटलं, शेंड्यापासून बुडापर्यंत. तू म्हणालीस, बघ, हे असं असतं, उजेडच उजेड, ह्यात माझ्या रंगाचं कमी-जास्त कसं दिसणार? मग तुला कोणी हाक मारली आणि तू मला बजावून गेलीस की कशालाही हात लावायचा नाही. तू आपल्या मायला अशी मनाई केलीस, म्हणजे काय होणार ते तुलाच कळायला हवं होतं. मी काच हलवली नाही, एवढं मात्र खरं. बाजूनं, नुसता अंगठा, त्या निळ्या उजेडात धरला. राणी, माझा अंगठा पेटला. नखाच्या कडेला, रेघारेघांत, पडद्यावर तसाच हिरवट पिवळा उजेड, तुझ्या मुळात होता अगदी तोच. मी झटकन हात ओढला आणि पदराखाली घेतला. तू परत आलीस, विचारलंस काय झालं, घाबरलीस का? मी म्हटलं, नाही गं, थंडी वाजते.

येताना रेल्वेत मी डबा उघडला नाही. नांदेड आल्यावर बाबांनी विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुझी तूर फार सुंदर आहे. एवढंच म्हणाले आणि तोंड दाबून हसायला लागले. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसून राहिला. गावी आल्यावर मी हात आधी राखेनं, मग साबणानं, मग लिंबानं घासले. भाऊंच्या बांधावर त्याच वाणाची तूर उशिरा वाळून उभी होती. तिच्या शेंगा अनुसयाबाईकडून तोडून घेतल्या, कारण तिच्या घरी हळद नाही आणि तिचे हात कोरे होते. तिनंच सोलल्या, नव्या स्टीलच्या डब्यात भरल्या, मी लांबून नुसती देखरेख केली. अनुसयाबाई म्हणाली, हिला सोवळं कधीपासून लागलं? आणि तुला मी फोनवर खोटं सांगितलं, की जुन्या बियांत भुंगा निघाला, त्या टाकून दे, नव्या वापर.

मग एकवीस मार्चचा तो फोन. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मंजुळाबाई अंगणवाडीत धावत आली, म्हणाली हैदराबादचा फोन आहे, लवकर चल. मी खिचडीचा झारा हातात घेऊनच पळाले. तू तिकडून हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. म्हणालीस, माय, घड्याळ हाय का हाताला? मी म्हटलं, हाय. म्हणालीस, मग ऐक. आणि गप्प झालीस. मला वाटलं फोन कटला. तेवढ्यात तू म्हणालीस, "आत्ता." आणि पुन्हा गप्प. मला कळेना काय चाललं आहे. भाऊ विचारून राहिले, कोण मेलं? मी हातानं त्यांना गप्प केलं. न्यूमोनिया ओळखायला आम्हाला लेकरांचे श्वास मोजायला शिकवलं आहे, एक डोळा पोटावर, एक घड्याळावर. तशी मी काट्यावर नजर लावून बसले. आणि बरोबर शहात्तर सेकंदांनी तुझा आवाज आला, "आत्ता." मग चौऱ्याहत्तर. मग सत्त्याहत्तर. मला समजलं, राणी. तुरीच्या मुळाचा ठोका हैदराबादेत पडत होता आणि मी कुरुंद्यात झारा धरून मोजत होते. असे अकरा ठोके आपण दोघींनी मोजले. बाराव्याला तू रडायला लागलीस, त्यामुळे तो मोजायचा राहिला. त्या दिवशी मी लेकरांच्या खिचडीवर गूळ वाटला, आणि संतरामभाऊ संध्याकाळी पारावर सांगत होते की माझ्या शेतातल्या तुरीला नाडी सापडली.

मला वाटलं झालं, माझं पाप झाकलं गेलं, लेकरू सुखी झालं. झाकलेलं तसंच राहू द्यावं, असं मी सतरा दिवस ठरवून बसले होते. गुरुवारी तू हाताला गुण नाही म्हणालीस आणि ते सोडून यायचं बोललीस, तेव्हा मला कळलं की मी माझी अब्रू वाचवून राहिले आणि किंमत तू मोजते आहेस. हे मंजुळाबाईच्या माजघरात फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. कागदावर झाला.

तर ऐक, ज्यासाठी एवढी पानं खरडली ते. तू औषध नको म्हणालीस, पावडर नको, राख नको. हळद नको असं म्हणाली नाहीस, आणि मलाही विचारावं वाटलं नाही, कारण कुरुंद्यात हळदीला औषध कोण म्हणतं? हळद ती हळद. दर साली तूर मडक्यात भरताना मी तिला एरंडीच्या तेलाचा हात लावते आणि वरून हळद चोळते, माझी माय तसंच करत होती, म्हणून तर भुंगा लागत नाही. तुला पाठवताना पुसली, लाल दाण्यावर दिसेनाशी झाली, म्हणजे गेली असं मी समजले. तू कितीही धुतलीस तरी तेलात मुरलेली हळद जाते होय? माझ्या लुगड्याची चार धुण्यांत जात नाही. आठ महिने तुझ्या रंगाच्या आधी माझी हळद पेटत होती, आणि भर उन्हात कंदिलाची वात कमी-जास्त केली तर ती कोणाला दिसणार? चूक तुझ्या हाताची नव्हती लेकरा, माझ्या हाताची होती. आता पुरचुंड्या सोड. एकीत मागच्या सालचे मडक्यातले जुने दाणे आहेत. दुसरीत अनुसयाबाईनं सोललेले बांधावरचे, कोरे. तिसरीत त्याच बांधावरचे, त्याच दिवशी सोललेले, पण त्यांना मी काल नेहमीसारखं तेल आणि हळद लावून पुसलं आहे. चौथीत नुसती हळद. सगळ्यांवर शाईनं लिहिलं आहे. तिन्ही बिया शेजारी शेजारी लाव आणि सरांसमोर निळा उजेड सोड, अठराला अजून वेळ आहे. समितीत कोणी विचारलं की हा प्रयोग कोणी सुचवला, तर लाजू नकोस, पूर्ण नाव सांग, पद्माबाई भिवाजी खिल्लारे, अंगणवाडी सेविका, कुरुंदा. आणि त्यांना साक्ष पाहिजे असेल तर हाच कागद त्या दुर्बिणीखाली धर. मला सही येते, तरी आज खाली सही केलेली नाही. माझी माय नाइलाजानं लावत होती, मी आज माझ्या मनानं अंगठा लावते, तेल लावून हळदीत बुडवलेला. कागदावर तुला फिका दिसेल. निळ्या उजेडात बघ.

तुझीच,
माय
(हा खाली माझा अंगठा)